मंगळयान: उसनवारीचा हिशेब

450 कोटी रुपये. मंगळयानाच्या खर्चाचा हा आकडा 2014 साली घरोघरी पोचला. अहमदाबादेतल्या रिक्षापेक्षा मंगळाचा प्रवास स्वस्त, असं खुद्द पंतप्रधानांनी न्यूयॉर्कच्या सभेत सांगितलं. ऐकायला मजा येते. पण रिक्षावाल्याला रस्ता बांधावा लागत नाही. मंगळयानालाही रस्ता बराचसा आयताच मिळाला होता.

बंगळूरूजवळच्या ब्यालालू गावातली 32 मीटर व्यासाची अवाढव्य अँटेना उभी राहिली ती चांद्रयान-1 साठी. हैदराबादची ईसीआयएल आणि ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र यांचा हात तिच्यामागे होता. यानाचा सांगाडा चांद्रयानाच्याच घराण्यातला. प्रक्षेपकही रोजच्या कामाचा पीएसएलव्ही, कारण मोठ्या जीएसएलव्हीवर विसंबावं अशी त्याची तेव्हा पत नव्हती.

मात्र पीएसएलव्हीत 1,337 किलोचं यान थेट मंगळाकडे भिरकावण्याचा दम नव्हता. म्हणून यान आधी पृथ्वीभोवतीच घिरट्या घालत राहिलं आणि दर वेळी स्वतःचं इंजिन पेटवून कक्षा ताणत गेलं. 11 नोव्हेंबर 2013 ला एक झेप अपुरी पडली, ती दुसऱ्या दिवशी भरून काढली. 1 डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर यानाने पृथ्वी सोडली. पैसे वाचले, पण त्या जागी डोकं आणि इंधन खर्ची पडलं.

उड्डाणालाही उसनी मदत लागली. प्रक्षेपकाचा चौथा टप्पा पेटणार होता दक्षिण प्रशांत महासागरावर, जिथे माग ठेवणारं आपलं एकही केंद्र नव्हतं. मग शिपिंग कॉर्पोरेशनच्या ‘नालंदा’ आणि ‘यमुना’ या जहाजांवर अँटेना चढवून ती तिकडे धाडली. वाटेत हवामान बिघडलं, जहाजांना उशीर झाला आणि 28 ऑक्टोबरचं उड्डाण 5 नोव्हेंबरवर गेलं. मंगळाची मोहीम व्यापारी जहाजांच्या वेळापत्रकासाठी खोळंबली, हे मला 450 कोटींच्या आकड्यापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

सगळ्यात मोठी उसनवारी मात्र नासाकडून होती. पृथ्वी फिरते, त्यामुळे एकट्या ब्यालालूला दिवसातले काही तासच मंगळ दिसतो. उरलेल्या वेळी गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा इथल्या नासाच्या अँटेनांनी यानाचा माग ठेवला. 24 सप्टेंबर 2014 च्या सकाळी, यान मंगळाच्या कक्षेत शिरत होतं तेव्हा, बंगळूरूच्या क्षितिजावर मंगळ उगवलेलाही नव्हता. टाळ्या पडल्या त्या परक्या अँटेनांनी टिपलेल्या संदेशावर. तोही साडेबारा मिनिटं शिळा. एवढ्या अंतरावरून यानाला ऐन वेळी काही सांगणं शक्यच नसतं. म्हणून सगळ्या आज्ञा आगाऊ चढवून ठेवल्या होत्या, आणि सुमारे तीनशे दिवस निजलेलं मुख्य इंजिन दोन दिवस आधी चार सेकंद पेटवून पाहिलं होतं.

या काटकसरीची किंमत विज्ञानाने मोजली, हेही सांगायला हवं. पाच उपकरणं मिळून जेमतेम 15 किलो. त्याच आठवड्यात पोचलेल्या अमेरिकेच्या मेव्हन यानावर त्याच्या चौपटीने होती. शिवाय कक्षा एका टोकाला सुमारे 420 किलोमीटर, तर दुसऱ्या टोकाला 77 हजार. तिथून मंगळाचा अख्खा गोल एका छायाचित्रात मावतो, आणि तशी देखणी छायाचित्रं यानाने पाठवलीही. बारकाईच्या अभ्यासाला मात्र ती जागा सोयीची नव्हे.

सहा महिन्यांचं ठरवलेलं आयुष्य यानाने आठ वर्षांपर्यंत ताणलं. इंधन संपत आलं, आणि एप्रिल 2022 मधल्या लांबलचक ग्रहणानंतर संपर्क तुटला. ब्यालालूची अँटेना तोवर इतर यानांच्या कामात होतीच. पुढे चांद्रयान-3 आणि आदित्य-एल1 यांचीही तिच्या वेळापत्रकात भर पडली.