चकाकी आली, अक्षरे गेली

घड्याळ परत आले ते मोठ्या थाटात. जाड पुठ्ठ्याचे खोके, आत मखमली पिशवी आणि पिशवीत प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळलेले बाबांचे घड्याळ. काउंटरवरच्या मुलीने हातमोजे घालून ते ट्रेमध्ये ठेवले आणि कौतुकाने म्हणाली, "बघा मॅडम, अगदी नव्यासारखं झालंय!" खरेच झाले होते. पन्नास वर्षांहून जुने घड्याळ काल कारखान्यातून आल्यासारखे चकाकत होते. मी ते उलटे केले आणि पोटात धस्स झाले. मागच्या झाकणात मला माझा चेहरा दिसत होता. तिथे दोन शब्द असायला हवे होते.

ते शब्द तिथे कसे आले ते आधी सांगते. बाबा मालवाहू बोटीवर इंजिनियर होते. १९७३ साली त्यांनी सिंगापूरला हे स्विस ऑटोमॅटिक घड्याळ घेतले. त्या काळी परदेशी घड्याळाची अपूर्वाई किती होती, हे त्या पिढीच्या वाचकांना सांगायला नको. किंमत ऐकून आई आधी रागावली, मग तिने त्या घड्याळावर स्वतःचा हक्क सांगितला. पुढच्या सफरीआधी ती ते घेऊन दादरच्या आमच्या घड्याळजींकडे गेली. ठोक्यांचा धक्का आतल्या यंत्राला बसू नये म्हणून त्यांनी मागचे झाकण काढून तेवढेच तिच्या हाती दिले. आई ते घेऊन जवळच्या भांड्यांच्या दुकानात गेली आणि वाट्या-पातेल्यांवर नावे घालणाऱ्या माणसाकडून ठिपक्याठिपक्यांची अक्षरे घालून आणली : 'सुखरूप या'.

बाबा दर वेळी सुखरूप आले. २०११ साली ते गेले आणि घड्याळ कपाटात गेले. गेल्या वर्षी आईने ते माझ्या हाती दिले. हलवले की तासभर चालायचे, पुन्हा थांबायचे.

यात नवल काही नव्हते. अशा घड्याळातले छोटे चक्र सेकंदाला आठ वेळा झोका घेते. तासाला २८,८०० आणि वर्षाला पंचवीस कोटींहून अधिक. त्याच्या आसाची टोके केसाएवढी बारीक असतात आणि ती माणकाच्या खाचेत, तेलाच्या एका थेंबाहूनही कमी तेलावर फिरतात. तेल सुकले की धातू झिजू लागतो. म्हणून काही वर्षांनी यंत्र सुटे करायचे, धुवायचे, ठरलेल्या जागी ठरलेलेच तेल द्यायचे, पुन्हा जुळवायचे, वेळ तपासायची. सर्व्हिसिंग म्हणतात ते हे. झाकण उघडून तेलाची पिचकारी मारणे नव्हे.

आमचे घड्याळजी आता नाहीत. त्यांच्या गाळ्यात मोबाइलची कव्हरे मिळतात. तेव्हा महागाचे घड्याळ मोठ्या ठिकाणीच द्यावे, असा सरळ विचार करून मी ते शहरातल्या एका बड्या दुरुस्ती केंद्रात दिले. गार हवा, काचेचे टेबल, कॉफी. सहा आठवड्यांचा वायदा होता, लागले चार महिने. बिल झाले साडेअठ्ठावीस हजार.

अक्षरांबद्दल विचारले, तर उत्तर मिळाले, "पॉलिश सर्व्हिसिंगमध्येच येतं मॅडम. अर्जावर तुमची सही आहे." अर्ज काढून पाहिला. शेवटच्या ओळीत, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, तसे लिहिलेले होते. माझी सहीही होती. त्यांनी दिलगिरी म्हणून चामड्याचा एक पट्टा मोफत देऊ केला. मी तो तिथेच ठेवून आले.

घरी आल्यावर घड्याळ दिवसाला चार मिनिटे पुढे धावू लागले. स्विस क्रोनोमीटरचे प्रमाणपत्र मिळवायचे तर दिवसाची सरासरी चूक वजा ४ ते अधिक ६ सेकंदांत बसावी लागते. एवढी अपेक्षा जुन्या घड्याळाकडून मी करत नव्हते, पण चार मिनिटे? त्यात जुलैच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर काचेच्या आतून धुके धरले. कागदावर मात्र 'पाण्याच्या दाबाची चाचणी : उत्तीर्ण' असा शिक्का होता.

शेवटी कुणीतरी फोर्टमधल्या एका वृद्ध कारागिरांचा पत्ता दिला. त्यांनी डोळ्याला भिंग लावून घड्याळ पाहिले, एका छोट्या यंत्रावरून दोनदा फिरवले आणि धावणे थांबले! केसासारख्या कमानीला चुंबकत्व आले होते. तिचे वेढे एकमेकांना चिकटले की कमान जणू आखूड होते आणि घड्याळ पळते. मी लगेच त्या केंद्राच्या नावाने बोटे मोडू लागले, तर ते म्हणाले, "थांबा ताई. हे तुमच्या घरीसुद्धा झालं असेल. फोनचं कव्हर, स्पीकर, कशानंही होतं. याचा दोष त्यांना देऊ नका."

मग त्यांनी झाकण उघडले. पाणी अडवणारे रबरी कडे एका जागी चिमटून चिरलेले होते. एका स्क्रूची खाच चुकीच्या पेचकसाने फाटली होती. "हे मात्र त्यांचं," ते म्हणाले. आणि झाकणाची आतली बाजू त्यांनी माझ्यासमोर भिंगाखाली धरली. तिथे सुईने ओरखडलेल्या चार बारीक ओळी होत्या : एक अक्षर आणि महिना-साल. १९७९, १९८६, १९९२, १९९९. आमच्या घड्याळजींची खूण! दर वेळी काम केले की जुने कारागीर अशी नोंद आत करून ठेवत. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. ती असते पुढे घड्याळ उघडणाऱ्यासाठी. आणि स्वतःसाठीही. साडेअठ्ठावीस हजारांच्या कामाखाली असे एकही अक्षर नव्हते.

मला वाटते, सारा प्रश्न इथे आहे. कारागिराच्या हातून चूक होते. आमच्या घड्याळजींकडूनही होत असेल. पण तिथे काम करणारा माणूस समोर बसलेला असे. त्याला घड्याळ कुणाचे, झाकणावर काय आहे, ते माहीत असे. आता घड्याळ घेणारी मुलगी वेगळी, उघडणारा वेगळा, पॉलिश करणारा तिसराच. त्या तिसऱ्याला दिसला तो फक्त ओरबाडा पडलेला पत्रा.

हे कारागीर एका दिवसात नाहीसे झाले नाहीत. १९६९ साली जपानमध्ये क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीला आले आणि पुढे घड्याळजींच्या हाती सेल बदलण्याचे काम उरले. १९६१ पासून आपल्याला चावीची घड्याळे देणाऱ्या एचएमटीचा घड्याळ कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. त्यातच अनेक बड्या कंपन्या सुटे भाग बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्याला देत नाहीत. युरोपातल्या स्वतंत्र दुरुस्तीकारांच्या संघटनेने याविरुद्ध २००४ साली युरोपीय आयोगाकडे दाद मागितली. २०१४ साली आयोगाने ती तक्रार फेटाळली आणि २०१७ साली युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयानेही तोच निर्णय उचलून धरला. म्हणजे फोर्टमधल्या आजोबांचा हात कितीही तयार असला, तरी भाग मिळाला नाही की तेही हतबल.

तेव्हा वाचकहो, घरातले जुने घड्याळ दुरुस्तीला देणार असाल तर माझ्या चुकीवरून शिका. देण्याआधी पुढून-मागून फोटो काढा. 'पॉलिश करू नये, तबकडी आणि काटे बदलू नयेत' असे अर्जावर स्वतःच्या हाताने लिहा आणि त्याची प्रत घ्या. बदललेले जुने भाग परत मागा. दुरुस्तीनंतरची वेळेची नोंद आणि हमी लेखी घ्या. तरीही काम निकृष्ट निघाले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोनही करता येतो. स्क्रूचे आणि कड्याचे पैसे मागणारे पत्र मी त्या केंद्राला पाठवले आहे. अक्षरांची किंमत त्यात लिहिलेली नाही. काय लिहिणार?

आईला हे सांगायला मला आठ दिवस धीर झाला नाही. शेवटी घड्याळ तिच्या हातात दिले. तिने चष्मा लावला, झाकण खिडकीकडे तिरपे धरले. तसे धरले की 'या'चा काना तेवढा अजून पुसट दिसतो. तिने त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "त्या माणसाला कुणी सांगितलंच नसेल गं."

फोर्टच्या आजोबांनी कडे बदलून दिले, स्क्रू जुळवला. पैसे घेण्याआधी त्यांनी झाकण पुन्हा एकदा उघडे केले आणि चार ओळींखाली सुईने पाचवी ओळ घातली. घड्याळ आता दिवसाला बारा सेकंद पुढे जाते. तेवढे मी चालवून घेते.