गाडी कारखान्याची, हप्ता मात्र आपला



चोपडा-शिरपूरकडच्या शिवारात आम्ही ऊस पाहायला गेलो, की बांधावरून हाक येते, "साहेब, तुमची मजा आहे बुवा! गाडी फुकट, डिझेल फुकट!"

खरे सांगायचे तर ती जीप आमची नव्हेच. ती कारखान्याची, म्हणजे तुमचीच. लागणीच्या नोंदीपासून तोडणीपर्यंत प्लॉट पाहण्यासाठी ती आम्हाला मिळते. नोकरी संपली की किल्ली जमा! आमच्या घरी मोटारसायकलच आहे.

पण ही जीप पाहून एखादा सभासद कर्जाने मोटार काढतो, तेव्हा काळजी वाटते. पगार महिन्याला येतो. सुरू उसाचे बिल मात्र बारा-चौदा महिन्यांनी. हप्ता थांबतो थोडाच? विहीर आटली तरी तो भरावाच लागतो.

हिशेब करून पाहा. महिना १२,००० रुपये हप्ता म्हणजे वर्षाला १,४४,००० रुपये. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. म्हणजे नुसत्या हप्त्यालाच ४० टनांवर ऊस गेला. तोडणी-वाहतूक, खत, सोसायटीचे कर्ज अजून वेगळेच!

१९३६ साली आपल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्ष पंडित नेहरूंची मिरवणूक बैल जुंपलेल्या रथातून निघाली होती. त्यांचा मान त्याने कमी झाला नाही.

गाडी जरूर घ्या; पण आधी ठिबक, मग मोटार. अंथरूण पाहून पाय पसरावेत, एवढीच विनंती.