बदनाम झाला शांपू, मूत्रपिंडे बिघडविली क्रीमने

२०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतून बातमी आली की, तीन-चार दिवसांत माणसांचे केस झडून टक्कल पडत आहे. 'टक्कल व्हायरस' असे नावही त्याला मिळाले. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी खताला, तर कोणी शांपूच्या पुडीला. शेगाव बुलढाणा जिल्ह्यात असले तरी अकोल्याहून लांब नाही. तिकडची आवई टिळक रोडच्या दुकानांपर्यंत यायला कितीसा वेळ लागणार? तेल-साबण-शांपू विकणारे आपले जनरल स्टोअरवाले आणि सलून चालविणारे भाई यांना अशा वेळी काय काय ऐकावे लागते, ते त्यांनाच ठाऊक!

तपास झाला तेव्हा निराळेच निघाले. शांपूला कधी हात न लावणाऱ्यांचेही केस गेले होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही गावांत जाऊन नमुने घेतले. १८ गावांतील २७९ लोकांना हा त्रास झाल्याची नोंद त्यांनी केली. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम हा घटक प्रमाणाबाहेर वाढलेला होता, आणि डॉ. बावस्करांनी बोट दाखविले ते रेशनच्या गव्हाकडे. पुढे काहींची नखेही गळू लागली. सेलेनियमच्या विषबाधेत केस आणि नखे दोन्ही जातात, हे वैद्यकाला जुनेच माहीत आहे. शांपूची पुडी बिचारी फुकट बदनाम झाली.

आता खुद्द अकोल्याचीच दुसरी गोष्ट घ्या. तिची आवई कोणी उठविली नव्हती. एकाच घरातील तिघींना, आई व दोन मुलींना, मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत प्रकरण गेले. २०२३ च्या सुरुवातीला ते वर्तमानपत्रांत आले, तेव्हा कळले की तिघीही गोरेपणाची एकच क्रीम लावीत होत्या आणि ती गावातल्याच ब्यूटिशियनकडून घेतलेली होती. क्रीममध्ये पारा निघाला. एकीच्या रक्तातील पाऱ्याचा आकडा ४६ होता. तो ७ च्या आत असायला हवा. केरळातही हाच अनुभव आला. तेथील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे १५ रुग्ण होते, त्यांपैकी १३ जण अशा क्रीम वापरणारे होते.

पारा त्वचेचा रंग बनणेच रोखतो, म्हणून आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळतो. गिऱ्हाईक खूश होऊन दुसरी डबी मागते. तोवर पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात उतरत असतो. आपल्या कायद्याने साध्या प्रसाधनात चुकून आलेला पारासुद्धा दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही.

आमच्या मते दुकानदाराने या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. बोभाटा झाला तो शांपूचा, आणि घात झाला तो उजेडात न आलेल्या डबीने. अफवा खोटी म्हणून प्रत्येक तक्रार खोटी ठरत नाही.

मेंदीचेच पाहा. २०१२ च्या ऑगस्टमध्ये रमजान ईदच्या चांदरातीला कर्नाटक आणि तामिळनाडूत एसएमएसवरून आवई उठली की मेंदीत विष आहे. शेकडो बाया मध्यरात्री दवाखान्यांत धावल्या, आणि बहुतेकींना काहीही झालेले नव्हते. ऐन सणाच्या रात्री कोनवाल्यांचा धंदा मात्र बुडाला. पण तासाभरात काळाकुट्ट रंग देणारा 'काळी मेंदी'चा कोन खरोखर वाईट. मेंदीच्या पानाचा रंग लालसर तपकिरी असतो, आणि तो चढायला कित्येक तास लागतात. झटपट काळेपणा बहुधा केसांच्या डायमधील पीपीडी या रसायनाचा असतो. त्याने हातावर फोड येतात, आणि एकदा अंगाला चटका बसला की पुढे साधा डायही सोसत नाही. डायच्या खोक्यावर 'आधी थोडे लावून पाहा' ही सूचना सक्तीची आहे ती त्यासाठीच. सलूनवाल्या भाईंनी ती गिऱ्हाइकाला वाचून दाखवावी.

सुरम्याविषयी बोलणे आपल्याला जड जाते, तरी बोलले पाहिजे. अस्सल इस्मिद म्हणजे अंजनाचा दगड. बाजारात त्या नावाने येणारा चकचकीत काळा दगड पुष्कळदा शिशाचा असतो. शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते. ही काही अफवा नाही. ज्याच्या पाकिटावर बनविणाऱ्याचा पत्ता नाही, असा सुरमा लेकरांच्या डोळ्यांसाठी विकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लिपस्टिकवर सोन्याची अंगठी घासा, काळी रेघ उमटली तर शिसे आहे, ही कसोटी मात्र निव्वळ भाकडकथा. सोने घासले की रेघ कशावरही उमटते. अमेरिकेच्या सरकारी खात्याने ४०० लिपस्टिक तपासल्या तेव्हा शिसे सरासरी दहा लाखांत १.११ भाग निघाले. आपल्याकडील मर्यादा २० आहे.

मग दुकानात काय पाहावे? लेबलवर बनविणाऱ्याचे नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, मुदत. माल परदेशी असेल तर आयात नोंदणीचा नंबर आणि आयात करणाराचे नाव. अमरावतीच्या इतवाऱ्यात काय किंवा अकोल्यात काय, बॅगवाला येऊन बिलाविना स्वस्तात डब्या टाकून जातो, तेथेच फसगत होते. प्रसाधने विकायला वेगळे लायसन्स लागत नाही म्हणून पुष्कळजण निर्धास्त असतात. पण खोटा किंवा कमअस्सल माल विकणे हा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम १८ खाली गुन्हाच आहे. निरीक्षकाने विचारले तर माल कोणाकडून घेतला हे सांगावे लागते. कलम १९ दुकानदाराला वाचविते, परंतु केव्हा? माल लायसन्सदार उत्पादकाकडून किंवा रीतसर विक्रेत्याकडून घेतला होता, त्यातील दोष आपल्याला ठाऊक नव्हता आणि तो नीट ठेवला होता, हे सिद्ध केले तर. बिलाशिवाय ते सिद्ध करणार कशाने?

गिऱ्हाईक अडूनच बसले तर हुज्जत घालण्यापेक्षा त्याला कलम २६ सांगावे. ठरलेली फी भरून कोणालाही विकत घेतलेले प्रसाधन सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येते. अन्न व औषध प्रशासनाची कचेरी अकोल्यात आहे आणि अमरावतीतही.