भर दुपारचें गाणें आणि देवळाचा सभामंडप

गाण्याची आवड नाहीं असें घर विरळाच. परंतु चांगलें गाणें समोर बसून ऐकण्याचा योग वर्षांतून किती वेळां येतो, असें विचारलें असतां बहुतेक घरांतून 'एकदां, फार तर दोनदां' हेंच उत्तर मिळतें. याचीं कारणें शोधूं गेल्यास मुख्यतः तीन सांपडतात. पहिलें तिकिटाचा दर, दुसरें मैफलीची वेळ, आणि तिसरें तिची लांबी. रात्रीं उशिरां संपणारी मैफल, ज्यास पहांटे उठून मुंबईची गाडी गांठावयाची आहे त्यास, जिच्यामागें मुलांचीं जेवणें व अभ्यास आहेत त्या गृहिणीस, आणि ज्यास काळोखांत जिना उतरणें कठीण त्या वृद्धास, फुकट असली तरी महागच पडते.

या तिन्ही अडचणींवर लंडन शहरांतील ख्रिस्ती देवळांनीं पुष्कळ वर्षांपूर्वीं एक साधा तोडगा काढला. कचेऱ्यांची जेवणाची सुट्टी दुपारीं एकच्या सुमारास होते. त्याच वेळीं देवळाचें दार उघडावयाचें, आंत पाऊण तास गायन अगर वादन व्हावयाचें, आणि दोनच्या आंत कारकुनानें आपल्या टेबलाशीं परत जावयाचें. तिकीट नाहीं, आमंत्रण नाहीं, धर्माची पृच्छा नाहीं. दाराशीं एक तबक ठेवलेलें असतें. जातांना ज्यास जें योग्य वाटेल तें त्यानें त्यांत टाकावें, न टाकल्यास कोणी विचारणार नाहीं. ट्रॅफल्गार चौकांतील सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स किंवा पिकॅडिलीमधील सेंट जेम्स हीं देवळें अशा दुपारच्या मैफलींसाठीं प्रसिद्ध आहेत. उन्हाळ्यांत, दिवस मोठा व हवा सुखकर असते तेव्हां, इंग्लंडांतील लहान गांवांतूनही आसपासचीं देवळें मिळून अशी मालिका चालवितात.

आतां हें काम देवळांनींच कां अंगावर घ्यावें? याचें उत्तर लंडनच्या इतिहासांत आहे. 1666 च्या मोठ्या आगींत लंडनचा जुना गांवभाग जळून गेला, आणि नंतर सर क्रिस्टोफर रेन या वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखालीं तेथें सुमारें पन्नास देवळें पुन्हां उभीं राहिलीं. त्या वेळीं लोक तेथेंच राहात, तेथेंच व्यापार करीत. पुढें आगगाडी आली, पेढ्या व कचेऱ्या वाढल्या, आणि बिऱ्हाडें उपनगरांत गेलीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ज्या भागांत लाखाहून अधिक वस्ती होती, तेथें 2021 च्या शिरगणतींत दहा हजारही माणसें भरलीं नाहींत. परिणाम असा झाला कीं, रविवारीं उपासनेस देऊळ रिकामें, आणि सोमवारपासून शुक्रवारपर्यंत देवळाबाहेरच्या रस्त्यावर मुंगीस शिरावयास वाव नाहीं! 1952 सालीं तर खास कायदा करून तेथील कांहीं देवळांना रहिवाशांच्या जबाबदारींतून मोकळें केलें, आणि दिवसा कामास येणाऱ्या लोकांची सेवा हेंच त्यांचें कर्तव्य ठरविलें. लोक देवळाकडे येत नाहींत म्हणून कपाळास हात लावून बसण्याऐवजीं, लोक कोणत्या वेळीं जवळ असतात हें पाहून देवळानें आपली वेळ बदलली. या लहानशा गोष्टींत शहाणपण फार आहे.

या प्रथेचा एक जुना आधार म्हणजे कॉर्नहिल येथील सेंट मायकेल हें देऊळ. 1916 सालीं, पहिलें महायुद्ध ऐन भरांत असतां, हॅरल्ड डार्क हे तेथें ऑर्गनवादक म्हणून आले आणि त्यांनीं दर सोमवारीं दुपारीं ऑर्गनवादनाचा नेम सुरू केला. 1966 पर्यंत, म्हणजे पुरीं पन्नास वर्षें, ते त्या देवळाच्या सेवेंत होते. आणि त्यांच्यामागेंही तो परिपाठ चालू राहिला. एक मनुष्य, एक वाद्य, एक वार आणि एक वेळ, एवढ्याच भांडवलावर ही संस्था उभी राहिली. सोमवारीं दुपारीं तेथें कांहींतरी ऐकावयास मिळणारच, ही जी खात्री, तीच तिची खरी जाहिरात होय.

दुसरें उदाहरण देवळाचें नव्हे, परंतु पैशाच्या प्रश्नावर तें फार प्रकाश पाडतें. 1939 सालीं दुसरें महायुद्ध सुरू होतांच लंडनच्या नॅशनल गॅलरींतील चित्रें सुरक्षित जागीं हलविण्यांत आलीं, व नाटकगृहें आणि मैफली बंद पडल्या. तेव्हां मायरा हेस या पियानोवादक बाईंनीं त्या ओक्याबोक्या दालनांत रोज दुपारीं एक वाजतां मैफल करण्याची परवानगी मिळविली. 10 ऑक्टोबर 1939 रोजीं पहिली मैफल झाली. 10 एप्रिल 1946 पर्यंत सोमवार ते शुक्रवार हा क्रम चालला. बाँबवर्षाव सुरू झाला तेव्हां मैफल तळघरांत गेली, परंतु बंद पडली नाहीं. एकंदर 1,698 मैफली झाल्या आणि आठ लाखांहून अधिक श्रोत्यांनीं त्या ऐकिल्या. म्हणजे दर खेपेस सरासरीनें पांचशेंच्या जवळपास माणसें! प्रवेशमूल्य अवघें एक शिलिंग. कलावंत मोठा असो कीं होतकरू असो, एकट्यानें गाणाऱ्या-वाजविणाऱ्यास सरसकट पांच गिनीच मिळावयाच्या, असा नियम होता. पांच गिनी म्हणजे एकशेंपांच शिलिंग, अर्थात् एकशेंपांच श्रोत्यांचे पैसे. मायराबाईंनीं स्वतः मानधन घेतलें नाहीं, व शिल्लक उरली ती गरजू वादक-गायकांच्या साह्यनिधीकडे जाई.

या हिशेबाचें मर्म असें कीं, 'विनामूल्य' हा शब्द श्रोत्यापुरताच खरा असतो. दिवा जळतो त्याचें तेल कोणी तरी घालीतच असतो. देऊळ जागा देतें, कोणी वाद्य देतो, कोणी स्वयंसेवक खुर्च्या लावतो, आणि तबकांतील नाण्यांतून कलावंताची दक्षिणा निघते. जेथें हा भार असा वांटला जातो तेथें ती मालिका पन्नास वर्षें टिकते. जेथें तो सगळा कलावंताच्या सौजन्यावर टाकला जातो, तेथें दुसऱ्या वर्षींच तिचा अंत होतो. 'तुम्हांस तेवढीच प्रसिद्धि मिळेल' असें सांगून होतकरू गायकास फुकट गावयास लावणें ही कलेची सेवा नव्हे. तें त्या कलावंताकडून उसनें घेऊन लोकांस वांटलेलें दान होय.

वाचकांच्या एव्हांना लक्षांत आलेंच असेल कीं, तबक, दक्षिणा आणि देवळाचें छप्पर हीं सगळीं अंगें आपल्या कीर्तनसंस्थेंत पूर्वींपासून आहेत. नारदीय कीर्तनांत पूर्वरंग व उत्तररंग, मध्यें नामाचा गजर, साथीस पेटी, तबला व झांज, आणि शेवटीं आरतीचें तबक श्रोत्यांतून फिरे. ज्यानें त्यानें यथाशक्ति पैसा टाकावा, कोणाजवळ नसल्यास त्यानें नुसती आरती घ्यावी. त्यांतून व यजमानाच्या पदरून बुवांची बिदागी निघे. दुपारचें पुराण हेंही तसेंच. स्त्रियांचीं जेवणें-आंवराआंवर आटोपून त्यांस थोडी सवड मिळते, तीच पुराणाची वेळ. लंडनच्या देवळानें कारकुनाची सुट्टी पाहिली, आपल्या देवळानें गृहिणीची सवड पाहिली, युक्ति एकच.

या परंपरेनें संगीतास काय दिलें, हें सांगावयास एक नांव पुरे. विष्णु दिगंबर पलुसकर यांचे वडील कुरुंदवाडचे कीर्तनकार होते. ज्या मुलाच्या कानावर लहानपणीं घरांत व देवळांत कीर्तनाचे सूर पडले, त्यानेंच 1901 सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून गाणें सामान्य गृहस्थाच्या घरांत नेलें. ख्रिस्ती समाजांतही हाच अनुभव आहे. गोव्यांतील देवळांच्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या मुलांस स्वरलेखन व व्हायोलिन शिकविलें गेलें. त्यांचेच वंशज पुढें मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत बसले. इकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं 1895 सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरही अभंग-भजनाचा साज टाकला नाहीं; त्यांचीं भजनें मराठी ख्रिस्तमंदिरांतून आजही गाइलीं जातात. देवाचें नांव कोणतेंही असो, त्याच्या दारांत गाणें फुकट ऐकावयास मिळतें व फुकट शिकावयास मिळतें, म्हणूनच तें समाजांत जिवंत राहतें.

आतां आपल्या पनवेलकडे वळूं. 1852 सालापासून नगरपालिका असलेलें हें जुनें गांव. येथें 1849 सालचें बेने इस्रायली बांधवांचें प्रार्थनामंदिर आहे, बल्लाळेश्वर व विरूपाक्ष यांचीं देवळें आहेत. 1998 सालीं मुंबईची लोकल येथपर्यंत आली, 2016 सालीं महानगरपालिका झाली, आणि गांवाचें शहर झालें. लंडनच्या उलट प्रकार येथें आहे. तेथें दिवसा गर्दी व रात्रीं शुकशुकाट. येथें हजारों माणसें पहांटे मुंबईकडे जातात व रात्रीं थकून परततात. परंतु म्हणून दुपारीं गांव रिकामें असतें असें नाहीं. निवृत्त मंडळी, गृहिणी, विद्यार्थी, शिकवण्या करणारे शिक्षक, दुकानदार, तसेंच तहसील कचेरींत अगर कोर्टांत खेड्यांतून कामास आलेले व साहेब जेवून येईपर्यंत कोठें बसावें या विवंचनेंत असलेले लोक, एवढा श्रोतृवर्ग दुपारीं गांवांत हजर असतो. दिवाळीच्या पहांटे गाण्यास गर्दी करणारे लोक हेच. त्यांच्यासाठीं वर्षाच्या उरलेल्या दिवसांत मात्र कांहीं नाहीं.

याची झळ कोणास लागते? सर्वांत अधिक शिकणाऱ्या मुलांस. आज घरोघर मुलेंमुली गाणें, तबला, पेटी शिकतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात. त्या मंडळाची वास्तु तर जवळच वाशीस आहे. 'विशारद' होईपर्यंत सात-आठ वर्षें जातात, परंतु तेवढ्या काळांत परीक्षक व आईबाप यांखेरीज तिसरा श्रोता बहुतेकांस भेटत नाहीं. पोहावयास शिकविलें पण पाण्यांत कधीं उतरविलें नाहीं, अशांतला हा प्रकार. मग लग्न किंवा नोकरी लागतांच तंबोरा खोळींत जातो. लंडनच्या देवळांतून दुपारीं ऐकूं येणारे पुष्कळसे कलावंत संगीतविद्यालयांतून नुकतेच बाहेर पडलेले असतात. अनोळखी श्रोत्यांसमोर बसण्याची पहिली सवय त्यांस तेथेंच लागते.

म्हणून आमची सूचना अशी. आपल्याकडे वैशाख-ज्येष्ठांतील दुपार गाण्यास निरुपयोगी. आपला हंगाम चातुर्मासाचा. आषाढापासून कार्तिकापर्यंत आठवड्यांतील एक वार ठरवावा, वेळ एकच असावी, व एका देवळाच्या सभामंडपांत पाऊण तास गायन, वादन अगर कीर्तनाचा लहानसा भाग व्हावा. ध्वनिक्षेपक नसावा. प्रास्ताविक, सत्कार व आभारप्रदर्शन यांस पूर्ण फांटा द्यावा, नाहीं तर पाऊण तासांतला अर्धा तास तेच खातील! एक दिवस तयारीच्या गवयाचा, तर दुसरा शिकणाऱ्या मुलामुलींचा. परंतु बिदागी सर्वांस सारखी, व ती दिलीच पाहिजे. समजा, गाणारा आणि दोन साथीदार यांस प्रत्येकीं एक हजार रुपये दिले, तर सोळा दिवसांचे अठ्ठेचाळीस हजार होतात. एकाद्या लग्नांत मंडपाच्या नुसत्या फुलांवर याहून अधिक खर्च झालेला आपण पाहतों. दर खेपेस साठ श्रोते आले व त्यांनीं तबकांत पन्नास-पन्नास रुपये टाकले, तर कोणा देणगीदाराच्या दाराशीं जावयासही नको.

यावर दोन आक्षेप येतील. दुपारीं देवाच्या विश्रांतीची वेळ असते, हा पहिला. परंतु गाभारा बंद ठेवून सभामंडपांत पुराण सांगण्यास आपल्या पूर्वजांस अडचण वाटली नाहीं. मग भक्तिपर गायनासच ती कां वाटावी? दुसरा आक्षेप असा कीं, 'येईल कोण?' पहिल्या दिवशीं कदाचित् दहाच माणसें येतील. त्यांतलीं चार गाणाऱ्याच्या घरचीं असतील. परंतु संस्था गर्दीनें निघत नाहीं, नेमानें निघते. पावसाच्या दिवशीं दहा श्रोत्यांसमोर ठरल्या वेळीं तंबोरा लागला, तर अकराव्यास पुढच्या आठवड्यांत यावेंसें वाटेल.

पंचांनीं मनांत आणिल्यास यास नवी इमारत नको, सरकारी मदत नको. सभामंडप आहे, पेटी आहे, शिकलेलीं मुलें आहेत, आणि ऐकावयास उत्सुक असे वृद्ध व गृहिणी घरोघर आहेत. आपल्या घरांतील ज्या मुलीचा तंबोरा परीक्षेनंतर खोळींत गेला आहे, तो यंदा आषाढ लागण्यापूर्वीं बाहेर काढून जुळवावयास सांगावा. पंचांकडे जावयाचें तें मागाहून.