ऑप्टिक न्यूरायटिस: डोळ्याच्या नसेची सूज आणि एमएसचा प्रश्न

या मालेत आधी काचबिंदू झाला, मधुमेहाचा डोळ्यावर होणारा परिणाम झाला. आजचा आजार डोळ्यात जाणवतो खरा, पण नेत्रतज्ज्ञाकडे आलेला हा पेशंट पुढे बऱ्याचदा मेंदूविकारतज्ज्ञाकडे पोचतो. तो का, हेच आज बघायचं आहे.

डोळ्याच्या मागून निघून मेंदूकडे जाणारी नस म्हणजे ऑप्टिक नर्व्ह. आपण सवयीने तिला नस म्हणतो, पण जडणघडणीने ती मेंदूचाच भाग आहे. तिच्यात दहा-बारा लाख बारीक तंतू असतात आणि प्रत्येकावर मायलिनचं वेष्टण असतं, वायरवर प्लास्टिक असतं तसं. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून या वेष्टणावर उठली की नसेला सूज येते आणि संदेश अडखळतो. हा झाला ऑप्टिक न्यूरायटिस. मेंदूत आणि मज्जारज्जूत वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी हेच व्हायला लागलं, की त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. आपण एमएस म्हणू.

पेशंट साधारण विशी ते चाळिशीतला असतो आणि बहुधा बाई असते. समजा, सत्तावीस वर्षांची मुलगी आहे. सोमवारी डोळा फिरवला की मागे दुखतं. बुधवारी त्या डोळ्यासमोर धूसर डाग येतो. शनिवारी मोबाइलवरची अक्षरंही लागत नाहीत. ती चष्म्याच्या दुकानात जाते, नंबर बदलून काही फरक पडत नाही. मग कोणीतरी डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवतं, तो आत बघतो आणि म्हणतो, सगळं नॉर्मल आहे! यात त्याचा दोष नाही. तिघांपैकी दोघांत सूज नसेच्या मागच्या भागात असते, तिथे आपला प्रकाश पोचत नाही. आमच्याकडे जुनी म्हण आहे: पेशंटला काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही.

मग ओळखायचं कसं? दोन चाचण्यांना काही खर्च येत नाही. एखादं लाल झाकण एकेका डोळ्याला दाखवायचं. आजारी डोळ्याला ते फिकट, विटकं दिसतं. दुसरी टॉर्चची. चांगल्या डोळ्यावर उजेड टाकला की दोन्ही बाहुल्या लहान होतात. तोच उजेड पटकन आजारी डोळ्यावर नेला की त्या लहान राहायच्याऐवजी मोठ्या होतात. मेंदूला वाटतं, उजेड कमी झाला. एकाच डोळ्याची नजर गेली आहे आणि ही खूण मिळत नाही, तर माझा ऑप्टिक न्यूरायटिसवर विश्वास बसत नाही.

आता उपचार. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण यात एक गोष्ट फार शिकण्यासारखी घडली. पूर्वी अशा पेशंटला स्टिरॉइडच्या साध्या डोसाच्या गोळ्या देत. तर्क सरळ होता: सूज आहे, स्टिरॉइड द्या. १९८८ ते १९९१ या काळात अमेरिकेत साडेचारशेच्या वर पेशंट घेऊन हे तपासलं गेलं. एका गटाला तीन दिवस शिरेतून रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन आणि नंतर गोळ्या, दुसऱ्याला फक्त साध्या डोसाच्या गोळ्या, तिसऱ्याला नुसत्या दिखाऊ गोळ्या. १९९२ मध्ये निकाल आला. शिरेतून औषध घेतलेल्यांची नजर लवकर परतली, पण सहा महिन्यांनी बघितलं तर तिन्ही गट जवळजवळ सारखेच. आणि नुसत्या साध्या डोसाच्या गोळ्या घेतलेल्यांत आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट! वर्षानुवर्षं चांगल्या हेतूने दिलेलं औषध दिखाऊ गोळीपेक्षा वाईट निघालं. म्हणून कोणी 'थोडं स्टिरॉइड देऊन बघू' म्हणालं, तर थांबा आणि विचारा. आता शिरेतल्या डोसाइतकाच मोठा डोस तोंडानेही देता येतो, पण ती गोष्ट वेगळी.

याच लोकांकडे पंधरा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. निम्म्यांना एमएस झाला, निम्म्यांना झाला नाही. हा अर्धा पेला घेऊन घरी जाऊ नका, कारण खरा फरक पहिल्या एमआरआयमध्ये होता. सुरुवातीला मेंदूत एकही डाग नव्हता त्यांच्यापैकी २५ टक्क्यांना पुढे एमएस झाला. एक किंवा जास्त डाग होते त्यांच्यात तो आकडा ७२ टक्के होता. म्हणून एमआरआय लागतो. यातले बहुतेक पेशंट गोरे अमेरिकन होते, आपल्याकडे एमएस मुळात कमी, हेही ध्यानात असू द्या.

एमएसचं निदान म्हणजे 'अनेक जागी आणि अनेक वेळा' हे सिद्ध करणं. त्याचे निकष लंडनच्या इयन मॅकडोनाल्ड यांच्या नावाने ओळखले जातात. हेच मॅकडोनाल्ड १९७२ मध्ये हॅलिडे यांच्याबरोबर दाखवून गेले होते, की बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी दाखवली की तिचा संदेश आजारी नसेतून मेंदूला उशिरा पोचतो, आणि नजर सुधारल्यावरही हा उशीर राहतो. गंमत अशी, की त्यांच्याच नावाच्या निकषांत अनेक वर्षं ऑप्टिक नर्व्हला 'जागा' म्हणून मान नव्हता. २०२४च्या सुधारणेत तो मिळाला. मणक्यातून काढलेल्या पाण्याची तपासणीही निदान पक्कं करायला मदत करते.

निदान झालं तर वाट बघू नये. १९९३ पर्यंत आजाराचा वेग कमी करणारं एकही मान्य औषध नव्हतं. त्या वर्षी इंटरफेरॉन आलं. आज गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत, सहा महिन्यांनी एकदा शिरेतून द्यायची औषधं आहेत. झालेलं नुकसान ती भरून काढत नाहीत. पुढचे झटके कमी करतात. म्हणून लवकर सुरू करण्याला महत्त्व आहे.

पण आपल्या देशात घाईने एमएसचा शिक्का मारणंही धोक्याचं. याचे दोन सख्खे वाटावेत असे शेजारी आहेत. एक एनएमओ, ज्याची अ‍ॅक्वापोरिन-४ विरुद्धची प्रतिपिंडं २००४ मध्ये सापडली. दुसरा मॉग प्रतिपिंडांचा आजार. दोन्ही डोळे एकदम गेले, नजर फारच खाली गेली किंवा सुधारेना, तर या रक्ततपासण्या हव्यातच. एनएमओत एकेक झटका डोळा कायमचा नेऊ शकतो, आणि एमएसची काही औषधं, इंटरफेरॉनसुद्धा, त्यात आजार वाढवतात. आणखी एक: टीबीच्या उपचारातलं इथॅमब्युटॉल. त्याने दोन्ही डोळ्यांची नजर हळूहळू, न दुखता उतरते आणि रंग ओळखेनासे होतात. पेशंटला 'कुठली औषधं चालू आहेत' हे विचारलंच पाहिजे.

(श्रोत्यांचे प्रश्न)

नजर आपोआप येत असेल, तर स्टिरॉइड घ्यायचंच कशाला?

रास्त प्रश्न. त्रास सौम्य असेल, दुसरा डोळा चांगला असेल, चित्र अगदी नेहमीचं असेल, तर न घेण्याचा निर्णयही डॉक्टरशी बोलून होऊ शकतो. पण एनएमओची शंका असली तर एक दिवसही घालवू नये. तिथे स्टिरॉइड पुरलं नाही, तर रक्तद्रव बदलण्याचा उपचारही लवकर करतात.

माझी नजर परत आली, पण गरम पाण्याने आंघोळ केली की धूसर होते. आजार उलटला का?

नाही. याला उथॉफचं लक्षण म्हणतात, १८९० पासून माहीत आहे. शरीर तापलं की अर्धवट दुरुस्त झालेल्या नसेतून संदेश नीट जात नाही. गार झालात की नजर परत येते. मे महिन्यात जपा. मात्र दिवसभर धूसर राहिलं, डोळा दुखायला लागला, तर दाखवायला या.

मुलीला एमएस निघालाय. लग्न, मूल?

दोन्ही होऊ शकतं. हा आजार आईकडून सरळ मुलाकडे जात नाही. मुलाला होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन इतकीच. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, झटके कमी होतात; बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढू शकतात. फिंगोलिमॉड, टेरिफ्लुनोमाइड यांसारखी औषधं त्या काळात चालत नाहीत, म्हणून मूल हवं असल्याचं तिने मेंदूविकारतज्ज्ञांना काही महिने आधी सांगावं. आणि सासरच्यांपासून लपवू नका. औषध चोरून घ्यावं लागलं की डोस चुकतात.