फुले भरपूर, फळ का नाही?

मनोरीच्या वाड्यांतून पावसाळ्यात मांडवावर पडवळ, शिराळी, दुधी, काकडी यांचे वेल चढतात. मांडव फुलांनी भरून जातो. पण पुष्कळदा बोटाएवढे फळ पिवळे पडून गळते. मग वेलाला नजर लागली असे म्हणून कोणी मांडवाला फाटकी चप्पल बांधतो, तर कोणी युरियाची आणखी एक मूठ टाकतो. वास्तविक कारण निराळेच असते.

प्रथम गळलेले फळ चिरून पाहावे. आत अळ्या असतील तर तो फळमाशीचा प्रताप. अळ्या नसतील, तर बहुधा परागसिंचन झालेले नाही असे समजावे.

या वेलींवर नर व मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली चिमुकले फळ आधीच दिसते. नर फुलाखाली नुसता बारीक देठ असतो. नर फुलाला पुष्कळ लोक ‘वांझ फूल’ म्हणतात आणि खुडून टाकतात. पण हे फूल वांझ नव्हे! त्यातले पराग मादी फुलाच्या कुक्षीवर पोचले तरच फळ वाढते. पराग अपुरे पडले तर थोडीच बीजे धरतात व फळ वेडेवाकडे होते.

भोपळ्याचे पराग जड व चिकट असतात. ते वाऱ्याने उडत नाहीत. ते काम मधमाश्यांचे. भोपळा व काकडी सकाळी फुलतात. दुधी व शिराळी संध्याकाळी फुलतात. दुधीच्या पांढऱ्या फुलांवर रात्री पतंग येतात. भर सकाळी कीटकनाशक फवारले की किडीबरोबर माश्याही मरतात. सतत पाऊस असला तर त्या पोळ्याबाहेर पडत नाहीत. युरिया जास्त झाला तर पाला माजतो व मादी फुले कमी येतात.

हरितगृहात ही अडचण अधिकच वाढते. तेथे लावली जाणारी झुकिनी ही भोपळ्याचीच इटलीत वाढलेली भावंड. किडी अडवणारी बारीक जाळी मधमाश्यांनाही अडवते. आत उष्मा वाढला की नर फुलेच फार येतात.

यावर सोपा उपाय म्हणजे हाताने परागसिंचन. भोपळा व झुकिनीसाठी सकाळी लवकर, दुधीसाठी संध्याकाळी, ताजे नर फूल तोडावे, पाकळ्या काढाव्यात आणि मधला परागदांडा मादी फुलाच्या कुक्षीवर सर्व बाजूंनी हलकेच फिरवावा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचे काम होते. फळे कोवळी असतानाच काढावीत. जून फळ वेलावर राहिले की नवी फळे धरत नाहीत. हरितगृहात काकडीच्या परागाविना फळ धरणाऱ्या जातीही लावता येतात.

कायमचा उपाय मात्र मधमाश्या टिकवणे हाच. आपली सातेरी मधमाशी पेटीत राहते. पुण्यात 1962 पासून मधमाशीपालनाची केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि 2022 साली महाबळेश्वरजवळचे मांघर हे देशातील पहिले मधाचे गाव ठरले.

होडीने मार्व्याला भाजी नेणाऱ्या बाईच्या पाटीत चार दुधी कमी असले, तर त्या दिवशीची तिची मिळकत तेवढी घटते. बियाणे, खत आणि मजुरी आधीच खर्च झालेली असते. म्हणून युरियाची पिशवी उघडण्यापूर्वी माणसाने मांडवाखाली जाऊन फुलांवर माश्या येतात का, एवढे तरी पाहावे.