अर्भकाचा भावाविष्कार आणि त्याचे मापन

मनुष्य आपले दुःख शब्दांनी सांगतो. ज्यास अद्याप शब्द आलेले नाहीत त्या अर्भकाचे दुःख मात्र इतरांनीच ओळखावे लागते. माता ते सहवासाने ओळखते. आजी, दाई, शेजारीण आपापल्या अनुभवाने ओळखतात. परंतु एकीचा अंदाज दुसरीच्या अंदाजाशी जुळेलच असे नाही, आणि कोणाचाही अंदाज पुराव्यादाखल पुढे ठेवता येत नाही. म्हणून बालविकासशास्त्राने अर्भकाची मुद्रा, रुदन व अंगविक्षेप यांचे पद्धतशीर मापन करण्याच्या रीती विकसित केल्या. या रीती कोणत्या, त्यांवर कितपत विसंबावे आणि पुण्यालगतच्या मांजरीसारख्या वस्तीतील आपल्या बालकांना त्या लावताना कोणते भान ठेवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नोंद न झालेली वेदना

हा विषय केवळ पंडितांचा नाही. नवजात अर्भकाची मज्जासंस्था अपक्व असते, म्हणून त्यास वेदना फारशी जाणवत नाही व जाणवली तरी ती स्मरणात राहत नाही, अशी समजूत विसाव्या शतकात वैद्यकवर्गात दीर्घकाळ रूढ होती. भूल देण्यातील धोक्याची भीतीही होतीच. परिणामी १९८० च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतील मोठमोठ्या रुग्णालयांतही अनेक नवजात बालकांवर अपुऱ्या वेदनाशमनासह शस्त्रक्रिया होत असत. हालचाल थांबविणारे औषध दिले जाई. वेदना थांबविणारे औषध पुरेसे दिले जात नसे. बालक निश्चल दिसे, आणि निश्चल म्हणजे वेदनारहित असे मानले जाई.

भारतीय वंशाचे वैद्य के. जे. एस. आनंद यांनी सहकाऱ्यांसह या समजुतीस आव्हान दिले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, अकाली जन्मलेल्या ज्या बालकांना शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटॅनिल हे प्रभावी वेदनाशामक दिले गेले, त्यांच्या शरीरावरील ताण ते न दिलेल्या बालकांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळला. त्याच वर्षी कॅनडातील रूथ ग्रुनाऊ व केनेथ क्रेग यांनी नवजात बालकाच्या मुद्रेवरून वेदना नोंदविण्याची पद्धती मांडली. भुवयांमधील फुगवटा, घट्ट मिटलेले डोळे, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी खोल वळी, ताणलेले तोंड, थरथरणारी हनुवटी अशी चिन्हे तीत एकेक करून मोजली जातात. १९९६ साली अकाली जन्मलेल्या बालकांसाठी जी मोजपट्टी तयार झाली, तीत यांपैकी पहिल्या तीन चिन्हांना हृदयाचे ठोके, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, झोपेची वा जागेपणाची स्थिती आणि गर्भकाळ यांची जोड देण्यात आली. जे दुःख मोजले जात नव्हते ते नाकारले जात होते. मोजले जाऊ लागले तेव्हा त्यावर उपाय करणे भाग पडले.

पालि वाङ्मयातील अर्भक

आपल्या वाचकांना हे जाणून कुतूहल वाटेल की, मज्झिम निकायात उताणे निजलेल्या तान्ह्या बालकाचा दृष्टांत अनेकदा येतो. समणमण्डिका सुत्तात, जो कायेने, वाचेने, संकल्पाने व उपजीविकेने पाप करीत नाही तो श्रेष्ठ श्रमण, असे एक परिव्राजक प्रतिपादितो. तथागतांचे उत्तर मार्मिक आहे. तसे म्हटले तर तान्हे बालकही श्रेष्ठ श्रमण ठरेल, कारण नुसत्या हालचालीपलीकडे त्यास काया म्हणजे काय ते ठाऊक नाही, रडण्यापलीकडे वाचा नाही आणि मातेच्या दुधापलीकडे उपजीविका नाही. महामालुंक्य सुत्तात याच दृष्टांताची दुसरी बाजू दिसते. बालकास ‘मी’ची कल्पना नसली तरी तिचा अनुशय, म्हणजे सुप्त प्रवृत्ती, त्याच्या ठायी असते. अभयराजकुमार सुत्तात तर बालक राजपुत्राच्या मांडीवरच आहे. त्याने काडी वा खडा तोंडात घातला तर रक्त आले तरी तो बाहेर काढावा लागेल, आणि तो अनुकंपेनेच.

प्राचीन सुत्तांत आधुनिक मानसशास्त्र आधीच सांगितले होते, असा दावा आम्हांस करावयाचा नाही. तसा दावा धम्मालाही उपकारक नाही आणि शास्त्रालाही नाही. परंतु बाहेर दिसणारी हालचाल व आतली अवस्था या दोन भिन्न गोष्टी आहेत, एकीवरून दुसरीचे अनुमान जपून करावे, हा विवेक या सुत्तांतून निश्चित मिळतो. पुढील विवेचनात त्याची वारंवार गरज पडेल.

मुद्रा मोजण्याच्या रीती

अर्भकाच्या भावाविष्काराचे शास्त्रीय टिपण करणाऱ्या आरंभीच्या निरीक्षकांत चार्ल्स डार्विन यांचे नाव घ्यावे लागते. १८३९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाविषयी त्यांनी ठेवलेल्या नोंदी १८७७ साली लेखरूपाने प्रसिद्ध झाल्या. खरे स्मित त्यांना ४५ व्या दिवशी दिसले. आजही, माणसाचा चेहरा पाहून येणारे स्मित साधारणतः सहाव्या ते आठव्या आठवड्यात उमटते असे मानले जाते. झोपेत त्यापूर्वी दिसणारे हसू या प्रकारात मोडत नाही.

शंभर वर्षांनंतर मापनास काटेकोर रूप आले. १९७८ साली पॉल एकमन व वॉलेस फ्रीझन यांनी प्रौढांच्या चेहऱ्यावरील प्रत्येक दृश्य स्नायुक्रियेस क्रमांक देणारी पद्धती प्रसिद्ध केली. १९७९ साली कॅरोल इझार्ड यांनी खास अर्भकांसाठी पद्धती रचली. तीत कपाळ व भुवया, डोळे-नाक-गाल आणि तोंड असे चेहऱ्याचे तीन भाग करून चलच्चित्रावरून प्रत्येक भागातील बदल नोंदविले जातात, आणि त्यांच्या ठरावीक जुळणीवरून आनंद, राग, भय, दुःख असे नाव दिले जाते.

येथेच मोठा वाद उपस्थित झाला. हॅरिएट ऑस्टर यांनी अर्भकांच्या चेहऱ्यासाठी स्वतंत्र पद्धती सिद्ध केली. बालकाचे गाल भरलेले असतात, भुवया विरळ असतात. प्रौढांसाठीची मोजपट्टी त्यास जशीच्या तशी लागू होत नाही. १९९२ साली ऑस्टर व सहकाऱ्यांनी दाखविले की, इझार्ड यांच्या सूत्रांप्रमाणे ‘राग’ वा ‘दुःख’ ठरणाऱ्या मुद्रा सामान्य निरीक्षकांना तशा वेगवेगळ्या दिसत नाहीत. त्यांना त्यांत एकच व्यापक क्लेश दिसतो. लिंडा कॅमरस व सहकाऱ्यांनी अमेरिका, जपान व चीन येथील ११ महिन्यांच्या बालकांचा अभ्यास केला. हात धरून ठेवणे हा रागाचा प्रसंग आणि गुरगुरणारे खेळणे हा भयाचा प्रसंग. पण दोन्हींत मुद्रा जवळपास सारख्याच दिसल्या. फरक दिसला तो शरीराच्या इतर वर्तनात, म्हणजे धडपड, माघार, तोंड लपविणे यांत. तात्पर्य, केवळ चेहरा पाहून अर्भकाच्या भावनेस नाव देणे धाडसाचे आहे. सुखद, दुःखद आणि या दोहोंपैकी काहीही नसलेली, अशी वेदनेची जी त्रिविध विभागणी आपणांस परिचित आहे, तेवढ्यावर थांबणे आरंभीच्या महिन्यांत अधिक सुरक्षित होय.

चेहऱ्याइतकेच महत्त्व परस्परसंबंधास आहे. १९७८ साली एडवर्ड ट्रॉनिक व सहकाऱ्यांनी मांडलेल्या प्रयोगात माता प्रथम बालकाशी नेहमीप्रमाणे खेळते, नंतर थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवते आणि पुन्हा खेळू लागते. निर्विकार चेहऱ्यापुढे काही महिन्यांचे बालक आधी मातेला बोलते करण्याचा प्रयत्न करते, मग नजर वळवते, अस्वस्थ होते. १९८५ साली जेम्स सोर्स व सहकाऱ्यांनी काचेखाली खोल दरी भासेल अशा पृष्ठभागापाशी १२ महिन्यांच्या बालकांना सोडले. मातेच्या चेहऱ्यावर आनंद असता १९ पैकी १४ बालके पलीकडे गेली. भय असता १७ पैकी एकही गेले नाही. बालक आपला भाव दाखविते तसेच दुसऱ्याचा भाव वाचतेही.

एकमताची कसोटी

मापन विश्वसनीय आहे की नाही, हे दोन निरीक्षकांनी एकच चित्रफीत स्वतंत्रपणे पाहून ठरवावे लागते. समजा, चित्रफितीचे १०० तुकडे केले. दोघांनाही प्रत्येकी ८० तुकड्यांत स्मित दिसले आणि ८४ तुकड्यांबाबत दोघांचे मत जुळले. हे प्रमाण उत्तम वाटेल. परंतु दोघांनी डोळे मिटून ८० ठिकाणी खूण केली असती तरी योगायोगाने सुमारे ६८ ठिकाणी मत जुळलेच असते. म्हणजे योगायोगापलीकडे जाण्यास ३२ गुणांचा वाव होता आणि निरीक्षकांनी त्यातले १६ मिळविले. खरी सहमती अर्धीच. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला कप्पा हा गुणांक हेच सांगतो. येथे तो ०.५ येतो. शेकड्यांत सांगितलेल्या एकमताने दिपून जाऊ नये, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आपल्या घरांतील बालक

भारतीय अर्भकांसाठी स्वतंत्र प्रमाणके असावीत, हा विचार बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी प्रत्यक्षात आणला. ३० महिन्यांपर्यंतच्या बालकांसाठीच्या त्यांच्या मापनश्रेणीत ६७ शारीरिक हालचालींच्या व १६३ मानसिक विकासाच्या कसोट्या आहेत. सामाजिक प्रतिसाद व अनुकरण हे त्यांतील एक अंग होय. अशा निरीक्षणाचे मोल पुण्यातच दिसून आले आहे. १९८७ ते १९८९ या काळात के.ई.एम. रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकांचा डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी प्रौढत्वाच्या उंबरठ्यापर्यंत मागोवा घेतला. बाराव्या वर्षी त्यांची सरासरी बुद्धी सामान्य मर्यादेत, परंतु तुलनेसाठी घेतलेल्या बालकांपेक्षा कमी आढळली. लेखन व गणित यांतील अडचणीही दिसल्या. ज्यांकडे जन्मापासून लक्ष ठेवावयास हवे अशी बालके कोणती, हे अशा दीर्घ अभ्यासांमुळेच कळते.

आता मांजरीचा विचार करू. मुळा-मुठेच्या काठचे मांजरी बुद्रुक ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. शहर वाढते तेथे बांधकामे वाढतात, आणि बांधकामावर येणाऱ्या मातेचे तान्हे मूल साडीच्या झोळीत, मोठ्या बहिणीच्या कडेवर वा आजीजवळ असते. अशा घरात प्रयोगशाळेतील रीत घेऊन जाणाऱ्या निरीक्षकापुढे साध्या पण निर्णायक अडचणी उभ्या राहतात. टोपरे किंवा कुंची कपाळ व भुवया झाकते आणि वेदनेचे पहिले चिन्ह तर भुवयांमध्येच असते. डोळ्यांतील काजळ पापण्यांची कड बदलते. तेल लावून न्हाऊ घातल्यावर बालक गुंगते. त्या वेळी घेतलेली नोंद त्याच्या स्वभावाची नसून झोपेची असते. कडेवरचे मूल मातेकडे नव्हे, जगाकडे तोंड करून असते. समोरासमोर बसून खेळण्याची सवयच नसेल, तर त्या खेळातील कमी प्रतिसाद हा बालकाचा उणेपणा नव्हे. आणि दिवसभर जिच्यापाशी ते असते त्या बहिणीस वगळून केवळ मातेसह केलेली नोंद अपुरीच राहील.

म्हणून कोणी संशोधक वा कर्मचारी आपल्या वस्तीत बालकांची तपासणी करण्यास आला, तर त्याचे स्वागत करावे. पण काही प्रश्नही विचारावेत. बालक भुकेले, आजारी वा झोपेला आलेले नाही ना? मोजपट्टीची प्रमाणके कोणत्या बालकांवरून ठरविली? एकाच भेटीवरून निष्कर्ष काढला जाणार आहे काय? चित्रफीत कोणाजवळ राहील? उणीव आढळल्यास पुढे उपचार कोठे मिळतील? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणीस उपचाराची जोड देण्याची तरतूद आहे. ती मागून घेणे हा पालकांचा हक्क आहे. लस टोचताना बालकास अंगावर पाजले असता वेदना कमी होते, हेही मुद्रांच्या अशाच मोजणीतून सिद्ध झाले आहे. त्यास खर्च नाही. केवळ मातेला तसे बसू द्यावे लागते.

मापन कशासाठी

ज्यांच्या पूर्वजांना जन्मावरून हीन ठरविले गेले, त्यांनी जन्मानंतर काही महिन्यांतच लावल्या जाणाऱ्या कोणत्याही शिक्क्याविषयी सावध असणे स्वाभाविक आहे. मांजरीतच ऊस व द्राक्ष यांवर संशोधन करणाऱ्या नामवंत संस्था आहेत. तेथे वेल सुकली तर शास्त्रज्ञ माती तपासतो, पाणी तपासतो, कीड पाहतो. वेलीस कुलहीन ठरवून मोकळा होत नाही. मानवी अर्भकाबाबत याहून कमी विवेक चालणार नाही. ज्या बालकाच्या चेहऱ्यावर हसू विरळ आहे, त्याच्या घरात अन्न किती, मातेस विश्रांती किती आणि तिच्याशी बोलणारे कोण, हे मोजल्यावाचून बालकाची मोजणी पुरी होत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाचे समर्थन केले, ते याच जाणिवेने. कामकरी स्त्रीस प्रसूतीच्या काळी विश्रांती मिळणे हा राष्ट्रहिताचा प्रश्न आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यानंतर पुढील वर्षी कायदा झाला. २०१७ साली संघटित क्षेत्रातील पगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची करण्यात आली. परंतु बांधकामावर रोजंदारी करणाऱ्या मातेच्या वाट्यास ती क्वचितच येते. मातेचा निर्विकार चेहरा काही क्षण सहन न होणारे बालक, थकून परतलेल्या मातेचा चेहरा रोज पाहते. येथे दोष मातेचा नव्हे, तिच्या श्रमाच्या व्यवस्थेचा आहे.

बालकाचे रडणे ऐकून धावणारी अनुकंपा प्रत्येक घरात आहे. तिला निरीक्षणाची शिस्त लाभली की ती रुग्णालयाची रीत बदलू शकते, हे १९८७ नंतरच्या इतिहासाने दाखविले. मांजरीतील पाळणाघर, अंगणवाडी व मातेची विश्रांती यांसाठीही त्याच शिस्तीने नोंदी ठेवून मागणी करता येईल. आमच्या विहारांतील माता-भगिनींनी व शिकलेल्या तरुणांनी हे काम हाती घ्यावे. ज्यास बोलता येत नाही त्याच्या वतीने पुराव्यानिशी बोलणे हे धम्मकार्यच होय.